सखाहरीने शनी लांब पाठवला त्याची गोष्ट

हिंगणटेक गावात सखाहरी नावाचा एक माणूस राहायचा. मनानं सरळ, कानानं त्याहून सरळ. कुणी म्हटलं, "सखाहरी, जरा कान दे," तर तो आधी विचारायचा, "डावा देऊ की उजवा?" त्याची पिठाची गिरणी होती. बायको अनसूया शहाणी होती, म्हणून गिरणी चालायची.

एका वर्षी मात्र गिरणीचं काही खरं नव्हतं. पट्टा तुटला. मोटार जळाली. दळणाला आलेल्या बायका डबे घेऊन शेजारच्या गावाला जाऊ लागल्या. सखाहरी गेला विनायकशास्त्र्यांकडे. शास्त्री पत्रिका बघायचे, आणि ज्याची पत्रिका नसेल त्याचं तोंड बघायचे. त्यांनी सखाहरीचं तोंड बघितलं.

"साडेसाती आहे तुला. शनीची दृष्टी आहे तुझ्यावर. शांत करावी लागेल."

"तो मला बघतोय?"

"रोज."

"कुठून?"

शास्त्र्यांनी वर बोट केलं. सखाहरीनं वर बघितलं. वर शास्त्र्यांचं छप्पर होतं.

घरी येऊन तो अनसूयेला म्हणाला, "शनी मला रोज बघतो. मी त्याला एकदाही बघितलेलं नाही. हे काही बरोबर नाही."

अनसूयेनं कोंबड्यांची अंडी विकून थोडे पैसे बाजूला टाकले होते. शांतीचा खर्च ऐकून ती म्हणाली, "शास्त्र्यांच्या घशात घालण्यापेक्षा त्या पैशात शनी बघून तरी घेऊ." आणि तिनं त्याला तांबोळी मास्तरांकडे पाठवलं. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. गावात आकाशाकडे बघणारे ते एकटेच. बाकीचे पावसापुरतं बघायचे.

मास्तरांना आनंद झाला. गावात दुर्बीण येणार म्हणजे शाळेच्या पोरांनाही चंद्र दाखवता येणार. ते म्हणाले, "सखाहरी, पैसे थोडे आहेत, तेव्हा जपून घे. दुकानदार लांबलचक नळी दाखवील. लांबीला भुलू नको. तोंड बघ. जेवढं तोंड मोठं, तेवढा उजेड आत जास्त."

"तोंड मोठं," सखाहरीनं घोकलं. एसटीत बसून तालुक्याला पोचेपर्यंत तो घोकतच होता. शेजारच्या बाईला वाटलं हा आपल्यालाच म्हणतोय, ती उठून पुढे जाऊन बसली.

चष्म्याच्या दुकानात दुर्बिणी होत्या. पण त्यांची तोंडं वाटीएवढी, आणि भाव डोक्याएवढा. सखाहरी बाहेर आला. समोर मंडपवाल्याच्या दारात जुनं सामान विकायला काढलं होतं. त्यात एक भोंगा होता. तोंड परातीएवढं.

"यापेक्षा मोठं तोंड आहे का कुठे?" सखाहरीनं विचारलं.

"तालुक्यात नाही," मंडपवाला म्हणाला.

सखाहरीनं भोंगा आणला. दिवेलागणीला अंगणात उभं राहून त्यात डोकं घातलं.

"काय दिसतं?" अनसूयेनं विचारलं.

"अंधार," आतून आवाज आला. "पण चांगला मोठा आहे."

आवाज भोंग्यातून आल्यामुळे अर्ध्या गावानं ऐकला. मास्तर धावत आले. "अरे बाबा, भिंग कुठंय यात? दुर्बीण म्हणजे नळी, आणि नळीला भिंग. भिंग नाही ते घ्यायचंच नाही."

"हे आधी सांगायचं होतं," सखाहरी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भोंगा मंडपवाल्यानं परत घेतला, पण कमी पैशांत. सखाहरी आता घोकत होता, भिंग नाही ते घ्यायचं नाही. दुपार झाली, भूक लागली, तो खाणावळीत शिरला. थाळी समोर आली. त्यानं भाकरी उलटून बघितली, वाटीखाली बघितलं, आणि थाळी परत दिली. मालकानं कारण विचारलं. सखाहरीनं खरं ते सांगितलं, "भिंग नाही."

उपाशीपोटी हिंडता हिंडता त्याला एका दुकानात मनासारखी वस्तू दिसली. नळी होती. नळीच्या तोंडाला भिंग होतं. मागून बटणही होतं, ते दुर्बिणींनासुद्धा नव्हतं. त्यानं ती घेतली.

संध्याकाळी त्यानं ती आकाशाकडे धरून बटण दाबलं. झगझगीत उजेड पडला. ती बॅटरी होती. बाभळीवरची वटवाघळं उठली आणि गिरणीत शिरली.

"शनी दिसला का?" मास्तरांनी विचारलं.

"मला नाही दिसला. पण त्याला मी आता नक्की दिसत असेन."

मास्तरांनी बटण बंद केलं. मग शांतपणे म्हणाले, "सखाहरी, यातून उजेड बाहेर जातो. आपल्याला आत यायला हवा. आता एकच कर. जी वस्तू घेशील तिला तिथल्या तिथे डोळा लावून बघ. डोळा लावल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत."

त्याच वेळी विनायकशास्त्री रस्त्यानं चालले होते. अंगणात डोकावून म्हणाले, "सखाहरी, उशीर करू नकोस. शांत लांबली की खर्च वाढतो." आणि गेले.

दुसऱ्या दिवशी एसटीत कंडक्टरनं तिकीट दिलं. सखाहरीनं ते डोळ्याला लावलं. काही दिसेना. "दुसरं द्या," तो म्हणाला. कंडक्टरनं त्याला अलीकडच्या थांब्यावर उतरवलं. तिथे चहावाल्यानं चहा दिला. सखाहरीनं पेला डोळ्याला लावला. चहा नुकताच उकळलेला होता. तालुक्याला पोचला तेव्हा एक डोळा सुजलेला होता, म्हणून त्यानं दुसरा वापरायचं ठरवलं.

खेळण्यांच्या गाडीवर पुठ्ठ्याच्या रंगीत नळ्या होत्या. त्यानं एक उचलून डोळ्याला लावली आणि तिथंच उभा राहिला. आत चांदण्याच चांदण्या. लाल, हिरव्या, निळ्या. नळी जरा फिरवली की सगळं आकाश बदलायचं.

"यात शनी कुठला?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला कुठला पाहिजे?" गाडीवाला म्हणाला.

सखाहरी इतक्या खुशीत घरी आला, की दारातूनच ओरडला, "दुपारीसुद्धा दिसतं." अनसूयेनं नळी डोळ्याला लावली. मग खाली घेतली आणि पाटावर आपटून फोडली. आतून बांगड्यांचे तुकडे पडले.

"हे तुमचं आकाश," ती म्हणाली. "उद्या मी येते बरोबर."

ती बरोबर गेली. चष्म्याच्या दुकानदारानं सर्वांत लांब दुर्बीण पुढे केली. "सहाशे पट मोठं दाखवते, ताई. खोक्यावरच लिहिलंय." खोक्यावर शनीचं चित्र होतं, कड्यासकट, एकदम ठळक. सखाहरीला ते फार आवडलं. त्यानं हळूच विचारलं, "नुसतं खोकं केवढ्याला?"

अनसूयेनं खोक्याकडे बघितलंही नाही. मास्तरांनी तिला सगळं नीट समजावलं होतं. ती म्हणाली, "लिहिलेलं नका वाचू. समोरच्या दुकानाची पाटी यातून वाचून दाखवा." लांब दुर्बिणीतून पाटी नुसती धुरकट दिसली. मग तिनं कोपऱ्यातली एक आखूड, जाड, कुणीतरी वापरून परत दिलेली दुर्बीण मागितली. तिच्यातून पाटी स्वच्छ दिसली, फक्त उलटी.

"आकाशाला वर-खाली नसतं, ताई. तारे उलटे दिसले तरी चालतात," दुकानदार म्हणाला. सखाहरीनं ते मनात ठेवलं आणि परतीच्या वाटेवर एसटीत डोकं खाली करून बसून बघितलं. कंडक्टर तोच होता. त्यानं या वेळी काही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मास्तरांनी अंगणात दुर्बीण उभी केली. तिला तीन बारीक पाय होते. बऱ्याच खटपटीनंतर मास्तर बाजूला झाले. "बघ."

सखाहरीनं चांगला डोळा लावला. काळ्याभोर आकाशात एक फिकट पिवळा मणी होता, आणि त्या मण्याभोवती कडं. खरंच कडं. एवढ्याशा जिवानं आपली मोटार जाळली, हे सखाहरीला पटेना.

"थरथरतोय बिचारा," तो म्हणाला.

"तो नाही रे, दुर्बिणीचे पाय थरथरतात. पाय घट्ट करून घे, म्हणजे हलणार नाही."

अनसूयेनं बघितलं. तिच्या तोंडून फक्त "अगं बाई" एवढंच निघालं. मग ती पुन्हा बघत राहिली. अंडी सार्थकी लागली होती.

"पण मास्तर," सखाहरी म्हणाला, "वर तर एवढासा ठिपका दिसतो. यात एवढा मोठा कसा?"

"दुर्बीण लांबचं जवळ आणते."

सखाहरीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तो एक पाऊल मागे सरकला. "मास्तर, काय केलंत हे. लांब होता तेव्हा मोटार जळाली. आता तर अंगणात आणलात."

मास्तर हसले. "मग उलटी धर. सगळं लांब जाईल." आणि ते घरी गेले. सकाळी त्यांना निवडणुकीच्या कामाला नेलं. शाळेला कुलूप लागलं, आणि गावात सखाहरीला समजावणारं कुणी उरलं नाही. अनसूयाही त्याच दिवशी बहिणीच्या बाळंतपणाला गेली.

सखाहरीनं दुर्बीण उलटी करून मोठ्या भिंगाला डोळा लावला. गिरणी लांब गेली. बाभूळ लांब गेली. शास्त्री रस्त्यानं चालले होते, ते मुंगीएवढे झाले. सखाहरीला हायसं वाटलं. पण दुर्बीण कुणाच्या धक्क्यानं सुलटी झाली, तर शनी परत दारात. पाय घट्ट करायला मास्तरांनी सांगितलंच होतं. घराच्या पायरीसाठी आणलेलं सिमेंट पडून होतं. सखाहरीनं खड्डा खणला, दुर्बीण उलटी रोवली आणि तिचे तिन्ही पाय सिमेंटमध्ये गाडले. वरून पाणीही मारलं, रोज सकाळ-संध्याकाळ.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात मोटार दुरुस्त होऊन आली. पट्टाही नवा बसला. गिरणी धडधडू लागली. बायका डबे घेऊन परत आल्या, आणि सखाहरीनं प्रत्येकीला सांगितलं, "शनी लांब पाठवलाय."

हे शास्त्र्यांच्या कानावर गेलं. ते रागानं आले. दुर्बिणीभोवती एक चक्कर मारली, मग आणखी एक. दळणाला आलेल्या बायकांनी शास्त्री प्रदक्षिणा घालताहेत असं बघितलं आणि डबे खाली ठेवून त्या मागोमाग निघाल्या. शास्त्री थांबले. त्यांचा राग हळूहळू उतरला.

"सखाहरी," ते गोड आवाजात म्हणाले, "याला दुर्बीण नाही म्हणायचं. हे शनियंत्र आहे. याला दर शनिवारी तेल लागतं."

"मास्तरांनी तेलाचं सांगितलं नव्हतं."

"मास्तरांचा हा विषय नव्हे."

सखाहरीला ते पटलं. मोटारीलाही तेल लागतंच. शनिवारी शास्त्र्यांनी दुर्बिणीला शेंदूर फासला, शेजारी पाट मांडला आणि पाटावर दक्षिणेचं ताट ठेवलं. शेजारच्या गावातूनही माणसं आली. तेल भिंगावरून ओघळून सिमेंटवर साचलं.

दोन-तीन शनिवारांनंतर मास्तर आणि अनसूया एकाच एसटीनं परतले. अंगणाबाहेर रस्त्यापर्यंत रांग होती. मास्तर गर्दीतून आत शिरले. त्यांनी रुमालानं भिंग पुसायचा प्रयत्न केला, तर लोकांनी त्यांना चपला काढायला लावल्या. मग ते बाभळीखाली जाऊन बसले. पोरांना चंद्र दाखवायचा राहिला होता.

अनसूया नवऱ्याला शोधत रांगेच्या कडेनं चालत गेली. तो सर्वांत शेवटी उभा होता. एका हातात तेलाची वाटी, दुसऱ्या हातात दक्षिणा. बाकीच्यांच्या दुप्पट, कारण शास्त्री म्हणाले होते, यंत्राच्या मालकाला दोष जास्त लागतो.

"अहो," ती म्हणाली, "अंगण आपलं. दुर्बीण आपली. पैसे माझ्या अंड्यांचे. आणि तुम्ही इथं रांगेत?"

"आपली आहे म्हणूनच शेवटी उभा आहे," सखाहरी म्हणाला. "दारात आलेल्या माणसांच्या आधी घरच्यानं नंबर लावणं बरं दिसत नाही."