लाजाळूची कुंडी आणि मानाची किल्ली

एका नगरीत एक विद्यापीठ होतं. तिथले आचार्य म्हातारे झाले की शाल आणि नारळ देऊन त्यांना घरी पाठवत. मग एका राजाच्या मनात आलं, शाल घरी जाते ते ठीक, पण शालीबरोबर विद्याही निघून जाते त्याचं काय? त्याने ‘मानद आचार्य’ असं पद काढलं. पगार नाही, शिकवणं नाही. फक्त विद्यापीठाच्या बागेकडची एक खोली आणि तिची किल्ली. बसा आणि आपलं काम पुढे चालवा.

किल्ली देण्याची एक रीत होती. भरल्या सभेत नगरातल्या कुणीही एक प्रश्न विचारायचा. आचार्यांनी उत्तर दिलं की किल्ली त्यांची, नाही दिलं तर पुढच्याची. उत्तर बरोबर की चूक, हे कुणी तपासत नसे. लांबलचक असलं की पुरे. ‘ठाऊक नाही’ असं त्या सभेत आजवर कुणी म्हटलंच नव्हतं.

त्या वर्षी पाळी आचार्य दिगंबरांची होती. त्यांनी सारं आयुष्य झाडांचा अभ्यास केला होता आणि निवृत्त झाल्यावर ते लाजाळूच्या मागे लागले होते. अंगणात लाजाळूच्या कुंड्याच कुंड्या. आणि घरात नातू नुकताच रांगायला लागलेला.

“मामंजी, तिला काटे असतात हो,” त्यांची सून वेणू म्हणायची. “बाळाच्या डोळ्यात गेला म्हणजे?”

“अजून गेला नाही ना?”

“जायची वाट बघू का?”

शेवटी ठरलं. किल्ली मिळाली तर कुंड्या त्या खोलीत. नाही मिळाली तर कुंड्या टाकून द्यायच्या. आचार्यांच्या ताटातली भाकरी तशीच राहिली, हे वेणूला दिसलं.

सभेला ते एक कुंडी काखेत घेऊनच आले. राजा म्हणाला, “विचारा.” कुणीच उठेना. आपला प्रश्न खुळा ठरला तर, अशी ज्याला त्याला धास्ती. आणि मागच्या रांगेतून, बाळाला कडेवर घेतलेली वेणू एकदम बोलून गेली. तिला बोलायचं नव्हतं. पण प्रश्न कधीचा तोंडाशी येऊन बसला होता.

“मामंजी, मी तुळशीला पाणी घालते तेव्हा लाजाळूवर थेंब उडतात. ती मिटते. रोज. तिला कधीच कळत नाही का, की हे नुसतं पाणी आहे?”

सभा हसली. “झाडाला कळायला ते काय तुझं बाळ आहे?” कुणीतरी म्हणालं.

आचार्य काखेतल्या कुंडीकडे बघू लागले. शेजारी आचार्य श्रीकंठ बसले होते. पुढची पाळी त्यांचीच, पण माणूस मनाने वाईट नव्हता. ते कुजबुजले, “अहो, सांगा काहीतरी. झाडाला मन नसतं म्हणा, चार अवघड शब्द घाला, संपलं.”

“ठाऊक नाही,” दिगंबर म्हणाले.

राजाने हातातल्या किल्लीकडे पाहिलं. वेणूचं तोंड उतरलं. कुंड्या घालवायच्या होत्या तिलाच, पण अशा नव्हेत. “मेली माझी जीभ,” ती पुटपुटली.

दिगंबरांचं लक्ष मात्र किल्लीकडे नव्हतंच. “इतके दिवस मी ती मिटते कशी, हेच बघत बसलो,” ते म्हणाले. “मिटायची थांबते का, हे माझ्या मनातच आलं नाही. वेणू, इकडे ये. कुणीतरी तांब्या आणा.”

भर सभेत दोघं जमिनीवर बसली. थेंब टाकला, पान मिटलं. उघडेपर्यंत थांबायचं, उघडलं की पुन्हा थेंब. लोकांच्या माना उंचावल्या. राजा सिंहासनावरून खाली आला, कारण तिथून दिसत नव्हतं. काहीजण घरी जेवून धावत परतले आणि दारातूनच ओरडले, “अजून मिटतेय का?”

ऊन कलंडलं तेव्हा एक थेंब पडला, आणि पान मिटलं नाही. पुढच्या थेंबालाही नाही.

“दमली बिचारी,” श्रीकंठ म्हणाले.

“तसंही असेल. पण ओळखायचं कसं?”

तेवढ्यात वेणूच्या मांडीवरचं बाळ वाकलं आणि “अरे, काटा!” असं ती म्हणेपर्यंत त्याने पानावर पंजा ठेवलासुद्धा. पान झटकन मिटलं. बाळ खिदळलं.

“म्हणजे दमली नव्हती!” राजा ओरडला. “तिला पाणी ओळखू आलं!”

“घाई नको, महाराज. एका पानावरून काय सांगू? ठाऊक नाहीच मला. पण काय शोधायचं, ते आता कळलं.”

रीतीप्रमाणे राजा श्रीकंठांकडे वळला. “तुम्हाला आहे का उत्तर ठाऊक?”

श्रीकंठांनी मिटलेल्या पानाकडे पाहिलं. “सकाळी होतं,” ते म्हणाले.

राजाने किल्ली दिगंबरांच्या हातावर ठेवली. कुंड्या खोलीत गेल्या. अंगण बाळाला मोकळं झालं. तरीही वेणू रोज दुपारी बाळाला घेऊन त्या खोलीत जाई, हातात तांब्या असे. बाळाला मात्र ती काट्यांपासून जरा लांबच धरी.

तात्पर्य: मान मिळतो तो आजवर जे कळलं त्याचा. पण मान मिळाल्यावरही ज्याला ‘ठाऊक नाही’ म्हणून पुन्हा जमिनीवर बसता येतं, विद्या त्याच्याचकडे राहते.