धुळबाची गोळी कुणी झाडली?

सांगा, सांगा म्हणून डोकं खाल्लंय माझं. सूनबाई म्हणते, मामंजी, सांगून टाका एकदा, पोरं जेवत नाहीत. न जेवोत! आमच्या वेळेला गोष्टीवाचून कुणी उपाशी राहत नव्हतं. सांगतो, पण मध्ये कुणी बोललं तर उठून जाईन.

तर आमच्या बोरवंडात धुळबा नावाचा एक भोळा पहारेकरी होता. साखर कारखान्यावर. हातात काठी. कारखान्याने सांगितलं, रिव्हॉल्वरच्या परीक्षेत पास हो, कायम करतो. होणारा सासरा म्हणाला, कायम हो, मग सुपारी फोडू. म्हणजे नोकरी अन् नवरी, दोन्ही त्या एका बोटावर.

कारखान्यामागच्या माळावर शिकवायला हुसेनभाई हवालदार. रिटायर माणूस, मिशी मोठी. माझं चहाचं हॉटेल माळाला लागूनच, त्यामुळे सगळं दिसायचं.

पहिल्या दिवशी धुळबाने चाप असा हिसकला की गोळी समोरच्या बोर्डाऐवजी बोरीच्या झाडात गेली.

"अरे, चाप लांब आहे, जड आहे," हुसेनभाई म्हणाले. "हिसकायचा नाही. हळूऽऽ, एकसारखा दाबत आणायचा. घाई करायची नाही."

"बरं चाचा."

धुळबा सायकलवर बसून निघाला. उतार लागला. खाली माझं हॉटेल. त्याने ब्रेक हळूऽऽ, एकसारखा दाबत आणला. घाई केली नाही. थेट माझ्या भज्यांच्या परातीत येऊन थांबला.

"गाढवा," मी ओरडलो, "जीव खाऊन आवळायचं असतं!"

"बरं आबा," तो म्हणाला. केसातलं भजं काढून खाल्लंन् आणि गेला. पैसे नाही दिले.

सकाळी आई म्हणाली, माझा हात धरलाय, चंद्री म्हशीची धार तू काढ. धुळबाने सड धरला आणि जीव खाऊन आवळला. म्हशीने त्याला गोठ्यातून उकिरड्यावर पोचवला.

"मुडद्या, असं करतात का?" आई म्हणाली. "आधी पाठीवरून हात फिरवायचा. नावाने हाक मारायची. पान्हा सोडेपर्यंत वाट बघायची."

"बरं आई."

तिथून तो माळावर आला. रिव्हॉल्वर मांडीवर घेतलं. त्याच्यावरून हात फिरवायला लागला. "ये गं चंद्रे, सोड गं माझी बाय."

हुसेनभाई बघतच राहिले. "काय चाललंय?"

"पान्हा सोडंना, चाचा."

हवालदाराने कपाळावर हात मारला. "उद्या परीक्षा आहे रे! कुणाची वाट बघू नकोस. नुसता दाबत राहा. आणि एक ध्यानात ठेव. गोळी कधी सुटली हे तुझं तुला कळता कामा नये. कळलं की अंग दचकतं, नळी खाली जाते, अन् तू नापास."

"मला कळता कामा नये?"

"अजिबात नाही."

"बरं चाचा."

परीक्षेला जिल्ह्याहून साहेब आले. डोळ्याला दुर्बीण, नजर बोर्डावर. सासराही येऊन बसला. मी धुळबाच्या मागे चहाची किटली घेऊन उभा. धुळबाने चाप दाबत आणला. हळू. एकसारखा. हात हलला नाही, पापणी हलली नाही. धाड! बोर्डाच्या बरोब्बर मधोमध भोक.

"शाबास!" साहेब वळले. "तू मारलीस ना?"

धुळबाने हुसेनभाईंकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. त्याला पास व्हायचं होतं.

"मला काही माहीत नाही साहेब."

"अरे, गोळी सुटली ना?"

"कधी?"

"आत्ता! आवाज नाही ऐकलास?"

"आवाज ऐकला. पण मागून आला असंल."

"मग हा तुझ्या हातातला धूर कसला?"

धुळबाने धुराकडे पाहिलं, मग माझ्या किटलीकडे. "चहाचा असंल, साहेब."

झालं. साहेबांनी लिहिलं, उमेदवाराने गोळी झाडलीच नाही, नापास. सासरा सुपारी खिशात घालून उठला. आणि विनापरवाना गोळी झाडली म्हणून मला धरलं. माझे हात हुंगले. आल्याचा वास आला. तरी संध्याकाळपर्यंत पहारेकऱ्यांच्या खोलीत कोंडलं, किटलीसकट. बाहेर पहाऱ्याला काठी घेऊन कोण? धुळबा. मला विचारतो कसा, "आबा, एवढा चांगला नेम, कुठं शिकलात?"

धुळबावर माझा राग नाही. त्याला काय कळतंय! पण ज्याला सगळं कळत होतं, तो मिशीत हसत गप्प उभा राहिला. एक शब्द बोलला असता तर मी सुटलो असतो. माफी त्याने मागायची आहे, अजून मागितलेली नाही. नाव लिहून ठेवा. हवालदार हुसेनभाई मुजावर.