गुडघाभर पाण्यातली परीक्षा

एका मोठ्या नदीच्या दोन काठांवर दोन जंगले होती, आणि अलीकडच्या जंगलात, एका वाकड्या जांभळीच्या ढोलीत एक साळुंकी आपल्या तीन पिल्लांसह राहत असे. तिचा धंदा गोचीड काढण्याचा. जनावराच्या पाठीवर बसायचे, कानात डोकावायचे आणि रक्ताचा थेंबही न येऊ देता गोचीड अलगद उपटायचा. या कामात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. तिला हात नव्हते, ही गोष्ट वेगळी.

पण मुलांनो, कसब असून काय उपयोग, कामच नव्हते! अलीकडच्या काठावर साळुंक्या उदंड आणि जनावरे मोजकी. एकेका सांबराच्या पाठीवर सात-सात साळुंक्यांची भांडणे. घरी पिल्लांच्या तीन चोची दिवसभर उघड्याच असत. पलीकडच्या जंगलात मात्र गव्यांचा भलामोठा कळप होता आणि त्यांचे गोचीड काढायला गायबगळे अवघे चार. गवे बिचारे झाडांना अंग घासून घासून हैराण झाले होते.

मग एकदा दोन्ही जंगलांची बैठक नदीमधल्या खडकावर भरली. नऊ दिवस खल चालला. सहा दिवस तर कोणी कुठे बसायचे यातच गेले. शेवटी ठरले, "ज्याच्या अंगी कसब आहे, त्याने खुशाल नदी ओलांडावी आणि काम करावे." वानरांनी उड्या मारल्या, मोरांनी पिसारे फुलवले. साळुंकी पिल्लांना म्हणाली, "बाळांनो, उद्यापासून पोटभर हं!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ती भुर्रकन पलीकडे पोहोचली.

पलीकडे डबक्याकाठच्या दगडावर मुख्य बगळा बसला होता.

"या, साळुंकीबाई, या! नदी तुम्हाला अगदी मोकळी आहे," तो अदबीने म्हणाला. "फक्त परवाना तेवढा घ्यायचा."

"द्या की मग!"

"तीन नियम आहेत. पहिला, गुडघाभर पाण्यात एका पायावर सकाळपासून दुपारपर्यंत उभं राहून दाखवायचं."

"गुडघाभर म्हणजे कोणाचा गुडघा?"

"अर्थात माझा. दुसरा नियम, या काठावर दोन पावसाळे काम केलेलं असायला हवं."

"अहो दादा, परवान्याशिवाय काम नाही आणि कामाशिवाय परवाना नाही, असं कसं?"

"किती चटकन समजलं तुम्हाला! काहींना समजावता समजावता दुपार होते," बगळा कौतुकाने म्हणाला. "आणि तिसरा नियम, एका जनावरावरून दुसऱ्यावर जाण्याआधी कडुनिंबाच्या सालीवर चोच घासून पुसायची."

साळुंकीचे डोके आधीच फिरले होते. तिसरा नियम तिने नीट ऐकूनही घेतला नाही. 'सगळे नियम मेले सारखेच,' ती मनाशी म्हणाली.

तरी बिचारीने प्रयत्न केला. ती डबक्यात उतरली. बगळ्याचे गुडघाभर पाणी तिच्या गळ्याशी आले. तिने धीर करून एक पाय उचलला आणि गडप! काठावरच्या बेडकांची हसून हसून पुरेवाट झाली. ओलीचिंब साळुंकी एका फांदीवर पंख वाळवत बसली आणि तिला रडूच कोसळले. पिल्लांना काय सांगायचे? नदी मोकळी आहे, पण चोची उघड्याच ठेवा?

त्याच झाडाखाली थोरली उभी होती. थोरली म्हणजे कळपातली सर्वांत जाणती गव्याची मादी. तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. शेजारी तिचे वासरू होते आणि त्याचा डावा कान गोचिडांनी नुसता भरून गेला होता.

"रडतेस काय, बाई? ये खाली. आधी माझ्या मानेवरचे काढ, मग या लेकराच्या कानातले. कोण बघतंय!"

साळुंकीला एवढेच हवे होते. तिने थोरलीची मान साफ केली. तिथे जुनी खरूज होती, पण तिकडे तिचे लक्ष गेले नाही. कडुनिंब दहा पावलांवर होता, पण तिकडेही ती गेली नाही. तशीच चोच घेऊन ती वासराच्या कानात शिरली.

काही दिवसांतच वासराचा कान टम्म फुगला. खाजवून खाजवून ते रडकुंडीला आले. बगळ्यांना आयतेच फावले. "बघा, बघा! बाहेरचे आले की असं होतं. साळुंक्यांना कायमची बंदी करा!"

थोरलीने सगळ्यांना डबक्याकाठी बोलावले. साळुंकीला ढोलीत दडून बसता आले असते. पण वासराचा तो कान तिच्या डोळ्यांपुढून हलेना. ती आली आणि मान खाली घालून म्हणाली, "थोरल्या आई, चूक माझी आहे. तिसरा नियम खरा होता. पहिल्या दोन नियमांच्या रागात मी तोही उडवून लावला. भोगावं लागलं ते लेकराला. तुम्ही म्हणाल ती शिक्षा मान्य."

थोरलीने वासराला जवळ ओढले. "काढ म्हणाले ती मीच," ती म्हणाली. "तेव्हा अर्धी चूक माझी. पण आता मी एकेका नियमाला एकच प्रश्न विचारणार आहे. तू कोणाच्या भल्यासाठी? तिसरा माझ्या लेकरासाठी, हे मला चांगलंच कळलं. पहिला कोणासाठी?"

मुख्य बगळा खाकरला. "तो... शिस्तीसाठी."

"बगळेकाका," वासराने विचारले, "माझे गोचीड पाण्यात उभे असतात का हो?"

सगळे जंगल खो खो हसले. बेडूकही हसले, कारण त्यांना हसायला काहीही चालते.

"आणि दुसरा?"

"तो... रिवाजासाठी."

"म्हणजे तुम्हा चौघांसाठी," थोरली म्हणाली.

बगळ्याने छाती काढली. "पण तिसरा तर आम्ही काटेकोर पाळतो!"

"चला तर, कडुनिंब बघू."

सारी वरात कडुनिंबाशी गेली. खोडावर बुंध्यापासून फांदीपर्यंत अखंड जाळे पसरले होते आणि मधोमध एक कोळी निवांत बसला होता. एवढी गर्दी पाहून तो चकित झाला. "काय हो, आज इकडे कशी वाट चुकलात? माझे आजोबा इथेच राहायचे. पण चोच पुसायला इथे आजवर कोणी आलं नाही."

चारही बगळ्यांनी माना पंखांत खुपसल्या.

थोरलीने तिथेच निकाल दिला. पाण्यातली परीक्षा बंद. काम कोणत्याही काठावर केलेले असो, ते मोजायचे. नियम नदीमधल्या खडकावरून मोठ्याने सांगायचे, म्हणजे दोन्ही काठांना ऐकू जातील, आणि परवाना मागणाऱ्याला तीन दिवसांत हो की नाही ते कळवायचे. कडुनिंबाचा नियम मात्र राहील आणि तो साळुंकीला जेवढा, तेवढाच बगळ्याला. परीक्षाही एकच. थोरलीच्या कानातले दहा गोचीड रक्त न काढता उपटायचे. साळुंकी पहिल्या झटक्यात पास झाली. मुख्य बगळ्याला ही परीक्षा दोनदा द्यावी लागली. कोळी कुरकुरत वरच्या फांदीवर राहायला गेला.

निंबाच्या पाल्याचा लेप लावून लावून पंधरवड्यात वासराचा कान बरा झाला. साळुंकी मात्र इतर गव्यांचे काम करी, त्याच्याजवळ जायचा धीर तिला होईना. एका सकाळी वासरूच तिच्या फांदीखाली आले आणि त्याने डावा कान तिच्यापुढे धरला. साळुंकी आनंदाने झेपावली. वासराने कान झटकन मागे घेतला.

"मावशी, आधी चोच!"

साळुंकी खळखळून हसली. ती कडुनिंबावर गेली आणि तिने चोच दोन्ही बाजूंनी घासून घासून पुसली. तिच्या मागे रांगेत मुख्य बगळा मुकाट उभा होता.

त्या संध्याकाळीही जांभळीच्या ढोलीत तिन्ही चोची पोटभर खाऊन मिटलेल्या होत्या.

तात्पर्य : दार उघडून उंबरठा उंच करणाऱ्याने दार उघडलेलेच नसते. नियम जरूर असावा, पण ज्याची सेवा करायची त्याच्या भल्याचा असावा, आणि तो घरच्याने व पाहुण्याने सारखाच पाळावा.