गौराची होडी

“...मग आता आणखी किती तोंडं लावू त्या राक्षसाला?”

निनादने नकाशाची गुंडाळी ओसरीवर आपटली. तातू मेस्त्रींनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

तातूंनी चाळीस वर्षं दशावतारात राक्षस उभे केले. पोटातून आरोळी कशी काढायची, हे निनाद त्यांच्याकडेच शिकला. नाटकासाठी नव्हे, खेळासाठी. दर रविवारी पाच मित्र फासे घेऊन नकाशाभोवती बसत. कुणी योद्धा होई, कुणी मांत्रिक, आणि निनाद गोष्ट रचून त्यांना खेळवी. दोन वर्षं चाललेली ती गोष्ट येत्या रविवारी संपायची होती. मग पाचही जण पाच गावांना पांगणार होते. शेवट फसला तर सगळं पाण्यात.

“गेल्या रविवारी शेवटचा राक्षस आणला, आबा. हजार तोंडांचा. समुद्र पितो, डोंगर चावतो, सूर्य गिळतो.” निनादने चहात बिस्किट बुडवलं. “अख्खं जग संपवणार तो. आणि आमच्यातली समिधा काय विचारते? किती घाव घातले की मरेल?”

“बरा इचारल्यान.”

“दुसरा तर जांभई देत होता. दोन वर्षं राबलो मी यांच्यासाठी. नालायक आहेत लेकाचे.”

राग काही खोटा नव्हता. पंचपक्वान्नं वाढावीत आणि जेवणाऱ्याने पान सरकवून उठावं, तशी गत झाली होती बिचाऱ्याची.

तातूंनी नकाशा उलगडला. सगळा पेन्सिलीने काढलेला. आत ठेवलेला खोडरबर घरंगळून बाहेर आला. त्यांचं बोट नदीपाशी थांबलं.

“हय काय आसा?”

“गौराची होडी. गौरा नदी पार करून देते. पहिल्या दिवशी समिधाने उगाच काढली होती. आता पलीकडे जायचं नसलं तरी सगळे तिला भेटून येतात. आल्या आल्या ती विचारते, जेवलात का?”

“तुझो राक्षस इलो की हिचा काय होतला?”

“तिचं वेगळं काय व्हायचंय? जग गेलं की तीही गेली.” निनादने घोट घेतला.

तातूंनी खोडरबर उचलला आणि होडीवर घासायला सुरुवात केली.

“आबा, काय करताय?”

वल्हं गेलं. होडीचं टोक गेलं. खोडरबर गौराच्या पायांपाशी आला...

निनादने त्यांचं मनगट धरलं. गुरूच्या अंगाला असा हात त्याने कधी लावला नव्हता. कप लवंडला, ओसरीभर चहा झाला.

“तिला नाही पुसायचं. तिने काय बिघडवलंय तुमचं? आणि रविवारी ते नदीवर आले, तर मी त्यांना काय सांगू?”

त्याचा आवाज चिरकला. मनगट त्याने अजून सोडलं नव्हतं.

तातूंनी मनगटावरच्या त्या हाताकडे पाहिलं.

“मगाशी अख्खा जग गिळलंस,” ते म्हणाले, “तेव्हा तू चाय पित होतंस.”