गूळपाणी

एकदा एक वृद्ध वैद्य होते. वैद्य म्हणजे चांगले शिकलेले डॉक्टरच; पण युद्धाच्या छावण्यांत, दुष्काळी मुलखांत, जिथे दुसरे कोणी जायला धजत नसे तिथे त्यांनी आयुष्य वेचले होते, म्हणून लोक त्यांना बाबा म्हणत. त्यांचा एक शिष्य पूरग्रस्तांच्या छावणीत काम करीत होता. छावणीत जुलाब-उलट्यांची पटकी पसरली होती आणि मीठसाखरेचे पाणी झोपडीझोपडीत पोचवूनही मुले सुकत चालली होती. शेवटी हात टेकून त्याने गुरूंना बोलावणे धाडले.

"पाण्यात घालायच्या भुकटीतच खोट असणार," बाबा येताच तो म्हणाला. "मी काही कमी केलेले नाही. नुसत्या पाण्याला लोक किंमत देत नाहीत, म्हणून हे फार मोठे औषध आहे असे प्रत्येकाला बजावले. घरोघरी चमचेसुद्धा दिले!"

बाबा धुरपदा नावाच्या बाईच्या झोपडीत शिरले. तिची तान्ही नव्हे, पण लहानगी गोदी निपचित पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे पडलेले. धुरपदाने चमच्याखाली दुसरा हात धरून, थेंबही न सांडता, एक चमचा पोरीच्या तोंडात सोडला आणि भांडे झाकून शिंक्यात ठेवून दिले.

बाबांनी तो चमचा मागून घेतला. मग शेजारणीचा घेतला, मग पुढच्या झोपडीतला. उपरणेभर चमचे जमले, तसे ते सरळ नदीवर गेले आणि सगळे पाण्यात टाकून आले. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटे नाही, असे शिष्याच्या अगदी ओठांवर आले होते.

धुरपदाकडे परत येऊन बाबांनी शिंक्यातले भांडे उतरवले आणि त्यातले पेलाभर पाणी स्वतःच गटागटा प्याले.

"अहो बाबा, पोरीचं औषध ते!" धुरपदा ओरडली.

"औषध कसलं, बाई? गूळपाणीच समज. उन्हातून कोणी दारात आलं तर चमच्यानं पाजतेस का?"

"अगं बाई, चमच्यानं कसं? तांब्या भरून देते की!"

"मग तुझी पोर फार लांबच्या उन्हातून आलीय. पाज तिला. हात आखडू नकोस."

धुरपदा घोट घोट पाजत राहिली. शिष्य तिथून हलला नाही. सायंकाळी गोदी रडली आणि तिच्या गालांवर खरोखरीचे अश्रू ओघळले. शिष्याला इतका आनंद झाला की तिला गप्प करायलाही त्याचे मन होईना.

बाबा म्हणाले, "भुकटी चोख होती, तुझी मेहनतही चोख. चुकला तो शब्द. औषध म्हटले की आपला माणूस ते बेताने घेतो, जपून ठेवतो आणि वर पाणी पीत नाही. तुझा शब्द या आयांनी तंतोतंत पाळला रे, म्हणूनच पोरे वाळली. मी मुलूख पुष्कळ पाहिले. पटकी सगळीकडे एकच. पण तहानेने आलेल्याला काय देतात, ते दर ठिकाणी निराळे. आपण आधी ते विचारावे."

दुसऱ्या दिवशी एक नाव किनाऱ्याला लागली. मलूल लेकरू कवटाळून एक बाई धावत आली. "साहेब, औषध द्या हो काहीतरी!"

शिष्याने त्याच मीठसाखरेच्या पाण्याने तांब्या भरला.

"औषधाचं मागाहून बघू, मावशी. लेकरू उन्हातून आलंय. आधी त्याला गूळपाणी पाजा."