थेंबही सांडला नाही

"मग माझ्या सीलमुळंच झालं, असं तुम्हीसुद्धा म्हणता का, चाचा?"

बाबालाल मुलाणी हातातला पाना फडक्यानं पुसत राहिले.

खडकाळी फाट्यावर त्यांचं पत्र्याचं शेड होतं. ट्रॅक्टरला जोडलेली जी अवजारं तेलाच्या दाबावर उचलली जातात, पलटी नांगर, ट्रॉली, लोडर, त्यांची दुरुस्ती करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. समोर उभा असलेला भानुदास कोळेकर त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. आता तालुक्याला त्याचं स्वतःचं दुकान होतं. त्याच्या हाताला यश आहे, असं लोक म्हणत. तोही म्हणत असे.

आज तो पुढं लोडर लावलेला एक ट्रॅक्टर स्वतः चालवत इथवर आला होता.

"कुणाचा?" बाबालालनी विचारलं.

"लिंबराज घाडगेचा. शेणखत भरायला वापरतो."

"त्याचाच पाय सापडला?"

"त्याचाच."

भानुदासनं मग सगळं सांगितलं. लोडरची पुढची बकेट दोन बाजूंचे दोन जॅक उचलतात; त्यातला एक गळत होता. रॉडवरून तेल ओघळायचं. लिंबराजनं ट्रॅक्टर दुकानात आणला. भानुदासनं दोन्ही जॅक उघडले, तेल अडवणारे आतले सगळे रबरी सील नवे घातले. गळती थांबली. लिंबराज ट्रॅक्टर घेऊन गेला.

पुढच्याच आठवड्यात त्यानं बकेट वर उचलून ठेवली, इंजिन बंद केलं आणि तिच्याखाली बसून सांध्यांतल्या पिनांना ग्रीस भरू लागला. बकेटकडं त्याची पाठ होती. ती धाडकन आली असती तर आवाजानं तरी तो दचकला असता. पण ती हळूहळू आली. त्याला कळलं तेव्हा पाय जमिनीत दाबला जात होता.

"नडगी मोडली. घोटा चेचला. डॉक्टर म्हणतात, चालेल, पण पहिल्यासारखा नाही."

"आणि गाव काय म्हणतंय?"

"गाव म्हणतंय, भानुदासनं सील नीट बसवले नाहीत." त्याचा आवाज चढला. "परवा एक जण नांगर घेऊन माझ्या दुकानासमोरून गेला. माझ्याकडं बघितलं आणि पुढं गेला. चाचा, तुम्ही एकदा बघा आणि काय ते सांगा. तुमचा शब्द कुणी खाली पडू देत नाही."

बाबालालनी पाना जागेवर ठेवला.

"मी नाही बघणार. तू बघ. मी बसतो."

ते बाकावर बसले.

भानुदासनं बाह्या सारल्या. काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. त्यानं बकेटमध्ये वाळूची पोती टाकली, लिव्हर ओढून ती उचलली आणि तिच्याखाली जाड लाकडी ओंडक्यांची चळत रचली, वरून एक वीत अंतर ठेवून. खाली आलीच, तर ओंडक्यांवर टेकावी. मग इंजिन बंद करून तो बाजूला उभा राहिला.

फाट्यावरून एक एसटी गेली. चहा आला. दोघांनी चहा घेतला.

कप खाली ठेवला तेव्हा वितीचं अंतर चार बोटांवर आलं होतं.

"येतीय खाली," भानुदास म्हणाला.

"दिसतंय."

"थांबा. बाहेर कुठं गळतंय का बघतो."

त्यानं पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि सगळ्या पाइपांजवळून, सगळ्या जोडांजवळून फिरवला. हात लावला नाही. दाबाखालच्या पाइपाला बारीक भोक असलं, तर तेलाची धार कातडी भेदून आत शिरते, हे त्याला याच शेडमध्ये शिकवलेलं होतं.

पुठ्ठा कोरडा निघाला.

"बाहेर काही नाही. म्हणजे आत." तो आता स्वतःशीच बोलत होता. "सील खराब असेल, तर तेल पिस्टनच्या कडेनं निसटून पलीकडं जाईल. पलीकडचा पाइप सोडला, की तिथून बाहेर येईल."

बाबालाल ऐकत होते.

भानुदासनं ओंडके चढवून अंतर कमी केलं. मग एका अंगाला उभं राहून दोन्ही जॅकचे वरचे पाइप सोडले. सुटलेल्या तोंडांखाली घमेली ठेवली. पाइपात उरलेलं तेल निथळलं. धार बारीक झाली, थेंबांवर आली... आणि थांबली.

बकेट थांबली नाही. ती तशीच सावकाश उतरत ओंडक्यांवर टेकली.

घमेल्यात नवा थेंब पडला नाही. दुसऱ्यातही नाही.

भानुदास कितीतरी वेळ घमेल्यांकडं बघत उकिडवा बसला होता. मग उठला. त्याचा चेहरा उजळला होता.

"सील पक्के आहेत, चाचा."

"हो."

"माझं काम बरोबर होतं."

"हो. तुझं काम बरोबर होतं."

तो ज्यासाठी आला होता, ते त्याला मिळालं. ट्रॅक्टर घेऊन आता त्याला जाता आलं असतं.

तो गेला नाही. पोत्यांनी भरलेल्या त्या बकेटकडं बघत उभा राहिला.

 भानुदास म्हणाला, "मग हिला खाली आणतंय कोण..."

उत्तरही त्याला माहीत होतं. जॅकमधून तेल जात नसेल, तर ते लिव्हरखालच्या व्हॉल्व्हमधून जातंय. त्यानं व्हॉल्व्ह उतरवला, उघडला, आतली, तेलाची वाट अडवून धरणारी सळई बाहेर काढून पुसली. डोळ्याला काही दिसलं नाही. नख फिरवलं तेव्हा अडकलं. एखाद्या खड्याचा कण कधीतरी आत गेला असावा. सळईच्या अंगावर बारीक ओरखडा होता.

त्या ओरखड्यातून तेल मागच्या मागं टाकीत जात होतं. टाकीतलं तेल टाकीतच. जमिनीवर थेंबही सांडला नव्हता, आणि लिंबराजच्या पायावर बकेट येऊन बसली होती.

भानुदासनं सळई फडक्यावर ठेवली.

"हे काम माझ्याकडं नव्हतंच," तो म्हणाला. "जॅक गळतोय म्हणून त्यानं आणला होता. व्हॉल्व्ह बघा, असं तो म्हणाला नव्हता."

"बरोबर."

"मी जॅक केला. जॅक आजही पक्का आहे."

"बरोबर."

"आणि तो ट्रॅक्टर नेताना?" बाबालालनी विचारलं.

"नेताना काय?"

"काही म्हणाला असेल."

भानुदासनं मान वळवली. रस्त्याकडं बघू लागला. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"नेताना म्हणाला, मिस्त्री, आता वर राहील ना."

"तू?"

"मी..." तो थांबला. "मी म्हणालो, खाली ताट मांडून जेवायला बसलास तरी चालेल."

शेडच्या पत्र्यावर चिमण्या चालत होत्या. त्यांच्या पायांचा आवाज येत होता.

"भार टाकून बघितली होतीस?"

"रिकामीच उचलली होती. जराशी. तेल ओघळत नाही एवढं बघितलं." मग तो घाईनं म्हणाला, "हसण्यावारी बोललो होतो, चाचा. आपण बोलतो तसं."

"तो हसण्यावारी बसला नव्हता."

भानुदास ओंडक्यांपाशी खाली बसला. तेलाचे हात गुडघ्यांवर तसेच. त्याची पँट खराब होत होती. त्याला भान नव्हतं.

बाबालाल म्हणाले, "सील पक्के आहेत, हे मी सांगेन. जो विचारेल त्याला सांगेन. ते खोटं नाही."

भानुदासनं मान वर केली नाही.

"पुरेल तेवढं?"

"...नाही पुरायचं."

नवा व्हॉल्व्ह आणून बसवायला पुढचा दिवस गेला. त्यानंतरच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी दोघं निघाले. भानुदास चालवत होता. बाबालाल मडगार्डवर बसले होते.

लिंबराज गोठ्यासमोर बाजेवर पडला होता. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. ट्रॅक्टरचा आवाज ऐकून तो कोपरांवर उठला. त्याची बायको चतुराबाई पाण्याचे तांबे घेऊन आली. एक तिनं बाबालालच्या हातात दिला, दुसरा भानुदाससमोर जमिनीवर ठेवला.

"काय निघालं, मिस्त्री?" लिंबराजनं विचारलं.

"सील पक्के निघाले. चाचांसमोर बघितले."

लिंबराजनं सुस्कारा टाकला. "मी तेच सांगतोय सगळ्यांना. मिस्त्रीचा दोष नाही. आपलंच नशीब. बस की, उभा का?"

भानुदासनं बाबालालकडं बघितलं. ते दावणीच्या म्हशीकडं बघत पाणी पीत होते.

इथं थांबलं असतं तर सगळं मिटलं असतं. ज्याचा पाय मोडला, तोच दोष नाही म्हणत होता.

"नाही, लिंबराज," भानुदास म्हणाला. "सील पक्के होते. पण लोडर पक्का नव्हता. व्हॉल्व्हमधून तेल जात होतं. मी तो उघडला नाही. भार टाकून बघायला पाहिजे होतं, तेही बघितलं नाही. आणि न बघताच तुला म्हणालो, खाली जेवायला बस."

लिंबराज कोपरांवरून सरळ उठून बसला.

चतुराबाईनं पदर खांद्यावर घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता.

"मी म्हणत होते यांना, खाली बसू नका. तर म्हणाले, तुला काय कळतंय, मिस्त्रीनं सांगितलंय."

भानुदासनं तांब्या उचलला होता. तो तसाच परत खाली ठेवला.

म्हशीनं शेपटी हलवली. लिंबराज प्लास्टरवर बोट फिरवत होता, जणू तिथं काही लिहिलेलं होतं.

"गावात हे कोण सांगणार?" अखेर त्यानं विचारलं. "मी तर आजवर उलटंच सांगत आलोय."

"मी सांगतो. आज जाताना पारावर थांबतो."

"लोक बोलतील."

"बोलू देत."

लिंबराजनं बायकोकडं बघितलं. ती आत गेली आणि भानुदासचा तांब्या ओतून, ताज्या पाण्यानं भरून घेऊन आली. या वेळी तिनं तो त्याच्या हातात दिला.

तो एका दमात पाणी प्यायला.

मग त्यानं बकेटमध्ये खत भरलं, काठोकाठ. सगळ्यांना लांब उभं केलं. बकेट उचलली, इंजिन बंद केलं आणि गोठ्याच्या खांबावर, तिच्या काठाच्या रेषेत, कोळशानं खूण केली.

चतुराबाई धार काढायला बसली. दोन्ही म्हशींची धार झाली. दूध घरात गेलं, रेडकं सोडून झाली, परत बांधून झाली. सावल्या गोठ्याच्या दारापर्यंत लांबल्या.

बकेट खुणेवरच होती.

लिंबराज बाजेवरून मान उंच करून बघत होता. "हलली नाही," तो म्हणाला.

"हलणार नाही," भानुदास म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा झाला होता. तो लोडरभोवती फिरला, व्हॉल्व्हवर हात फिरवला, पाइपांचे जोड पाहिले. सगळं कोरडं, सगळं घट्ट. कितीतरी दिवसांनी त्याचा ऊर भरून आला होता.

बाबालाल उठले. ट्रॅक्टरच्या सीटमागं त्यांनी येताना काही ठेवलं होतं, ते ओढून काढलं. पन्हाळीसारख्या लोखंडी चॅनेलचे दोन तुकडे होते, जॅकच्या उघड्या रॉडइतक्या लांबीचे. एका अंगाला उभं राहून त्यांनी एक तुकडा रॉडवर चढवला. तो तिथं असेपर्यंत रॉडला नळकांड्यात परत जायला जागाच उरत नव्हती, म्हणजे बकेट खाली येऊच शकत नव्हती. मग वळसा घालून ते दुसऱ्या बाजूला गेले आणि तिकडचाही बसवला.

चतुराबाई दारातून बघत होती. लिंबराज बघत होता.

भानुदासचा चेहरा किंचित उतरला.

"आता कशाला, चाचा? दुरुस्त झालंय की."

बाबालालनी तुकडा अडकवून ठेवणारी पिन आत सारली. ती पुरती बसली का, ते अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"दुरुस्त झालंय, म्हणूनच. आता खाली बसायला कुणी भिणार नाही."