बांध हातभर उंच करण्याबाबत

विषय : समुद्राचे पाणी दरवर्षी चढत असल्याने खाडीचा बांध हातभर उंच करून मिळणेबाबत.
अर्जदार : बांधात राहणारी खेकडीण.

माणसांनी कचेऱ्या काढल्या, त्याच्याही आधीची ही गोष्ट. या बांधाआड साऱ्या प्राण्यांचे भात पिके आणि राज्याचे कोठार त्यावरच भरे. अर्ज पाहणीसाठी बगळेसाहेबांकडे गेला. साहेब पाहणीला ओहोटीलाच येत, कारण तेव्हा चिखलात मासे सापडत. त्यांनी पोटभर पाहणी केली आणि शेरा मारला, "पाणी आढळले नाही."

"साहेब, एकदा भरतीला या की," खेकडीण म्हणाली.

"भरतीला? अहो बाई, भरतीला इथे उभं राहायला जागा नसते."

"तेच तर अर्जात लिहिलंय."

"आणि बांधाला भोकं कोण पाडतं? तुम्हीच ना?"

"माझं भोक मी चिखलानं बुजवते, साहेब. समुद्र बुजवेल का?"

तेवढ्यात साहेबांना आणखी एक मासा दिसला.

अशा तीन वर्षांत तीन पाहण्या झाल्या. चौथ्या वर्षी पौर्णिमेच्या उधाणाने बांध नेला. शेतात खारे पाणी भरले, कोठार रिकामे राहिले आणि उंदरांपासून रानडुकरांपर्यंत सगळे डोंगरावर कंदमुळे उकरू लागले.

साहेब नेहमीप्रमाणे ओहोटीला आले. शेरा असा : "उंच करावयाचा बांध जागेवर आढळला नाही. अर्जदाराने तो समक्ष दाखवावा."

खेकडीण सध्या डोंगराच्या पायथ्याशी राहते. पाणीही तिथवर आले आहे. अर्ज प्रलंबित आहे.